कोरीव काम फोटोत सपाट दिसतंय, काय करू?

जांबोटीकडची

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेला. बाबा सुतारकाम करतात. दारं-खिडक्या पोटासाठी, खरं हात बसलाय तो नक्षीवर. देव्हारे, चौकटीवरच्या गणेशपट्ट्या, चौरंग, झोपाळ्याचे मोर. लाकूड बहुतेक सागवान, कधी शिसव, देव्हाऱ्याला कुणी मागितलाच तर फणस.

गणपतीच्या आधी पुण्या-मुंबईकडनं चौकशी येते, ती सगळी व्हॉट्सॲपवर. फोटो काढायचं काम माझ्याकडं. परवा पुण्याच्या एका बाईंनी फोटो बघून विचारलं, "हे कोरलेलं आहे की वर स्टिकर लावलाय?" बाबा त्यावर काही बोलले नाहीत, खरं रात्री आमटीत मीठ कमी आहे म्हणून आईवर उगीचच चिडले.

ही गणेशपट्टी साडेतीन फूट लांब, नऊ इंच उंच. मधल्या गणपतीचा उठाव इंचभर, दोन्हीकडं वेलबुट्टी, टोकांना मोर. समोर ठेवली तर प्रत्येकजण हात फिरवून बघतो. फोटोत मात्र नुसती तपकिरी फळी. पाऊस लागून राहिलाय म्हणून आत ट्यूबलाईटखाली भिंतीला टेकवून काढते. फ्लॅश लावला की सोंडेवर पांढरा ठिपका येतो. पॉलिश झालेल्या कामाचं तर विचारूच नका, नुसती चकाकी. आणि फणसाचा देव्हारा डोळ्याला हळदीसारखा पिवळा आहे, तो फोटोत राखाडी दिसतो.

कॅमेरा नाही, मोबाईल आहे. खर्च हजाराच्या आत. "चांगला कॅमेरा घे" एवढं सोडून काहीही सांगा.

टिळकवाडी_गॅजेट

सोप्पं आहे. रिंगलाईट घे, स्टँडसकट मिळतो. मध्ये मोबाईल लावायचा, समोरून काढायचा. सगळे रील्सवाले तेच वापरतात. एडिट करताना शार्पनेस वाढव, काम झालं.

खडेबाजार_जुना_स्टुडिओ

पोरी, रिंगलाईटवर पैसे घालू नकोस. वरच्या भावानं राग मानू नये. माणसाच्या तोंडाला ते बरं असतं, कारण त्यानं सुरकुत्या बुजतात. तुझ्या बाबांनी पटाशीनं ज्या रेघा पाडल्यात त्याच तर तुला दाखवायच्या आहेत. लेन्सच्या भोवतीनं उजेड टाकला की प्रत्येक सावली नक्षीच्या पाठीमागं जाते, कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. फ्लॅशचं दुखणं तेच. आणि शार्पनेस वाढवून नसलेली सावली कुठनं येणार?

रंगवलेल्या वस्तूत लाल-निळं वेगळं कळतं. गोकाकची लाकडी फळं घे, कशाही उजेडात काढलीस तरी केळं केळंच दिसतंय. कोरीव काम तसं नाही, सगळं एकाच रंगाचं लाकूड. तिथं गणपतीचा कान कुठं संपला आणि मागची फळी कुठं सुरू झाली हे सांगणारी सावलीच असते, दुसरं कोण नाही.

मी खडेबाजारात स्टुडिओ चालवला. लग्नं, पासपोर्ट, आणि अधूनमधून मूर्तिकार-सुतारांची कामं. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर चौकोनी फोटो बारा यायचे. काळी-पांढरी इंदू फिल्म वापरायचो, ती आपल्या देशात उटीला बनायची. एकेका फोटोला पैसे पडायचे, म्हणून बटण दाबायच्या आधी दिवा हातात घेऊन वस्तूभोवती फिरायची सवय लागली. आता शंभर फोटो फुकट निघतात आणि दिवा कोणीच हलवत नाही.

तर असं कर. घरातली ट्यूब, बल्ब सगळं बंद. एक दार उघडं ठेव, बाकीच्या खिडक्या लाव. पट्टी दाराकडं तोंड करून ठेवायची नाही. दार तिच्या कुशीला यायला पाहिजे, म्हणजे उजेड तिच्या अंगावरनं रंधा मारल्यासारखा घासत जाईल. आता पट्टी हळूहळू फिरव आणि डोळा पट्टीवरच ठेव, मोबाईल खिशात असू दे. एका जागी आल्यावर सोंडेची कड उजळेल आणि दुसरी बाजू काळी होईल. तिथनं किंचित मागं आण आणि थांब.

किती तिरकं, हे उठावावर आहे. वेलबुट्टी पाव इंचाची असेल तर उजेड अगदी सपाट, पंधरा-वीस अंशांवरनं आला तरच ती उठते. गणपती इंचभर वर आलाय. त्याला तेवढा सपाट उजेड दिलास तर त्याच्या पोटाची सावली शेजारच्या वेलीवर पडून वेल गिळून टाकेल. त्याला तीस-चाळीस अंश बरे. म्हणून साडेतीन फुटाच्या पट्टीचा एकच फोटो काढून भागत नाही. अख्खी पट्टी एक, मधला गणपती वेगळ्या उजेडात एक, मोर वेगळे.

उजेड डावीकडनं, वरच्या बाजूनं येऊ दे. पट्टी उभी टेकवलीस आणि दार बाजूला असेल तर हे आपोआप जमतं. खालनं मात्र कधीच नको. आपल्या डोळ्याला उजेड वरनं येतो एवढंच माहीत. खालनं आला की उठाव खड्डा दिसतो आणि खड्डा उठाव. निपाणीकडच्या एका वाड्यात चौकातल्या फरशीवर ऊन पडलेलं होतं, ते उलटून तुळईच्या नक्षीवर खालनं जात होतं. कॅमेऱ्याच्या काचेतनं बघितलं तर कमळ आत खणल्यासारखं दिसत होतं. फरशीवर सतरंजी अंथरायला लावली, मग कमळ बाहेर आलं.

आता पाऊस. ढगाळ उजेड चारीकडनं येतो, त्यात रंग सुरेख येतो आणि उठाव मरतो. म्हणून दारासमोरच्या बाजूला, म्हणजे सावली जिथं पडायला पाहिजे तिथं, घरातली काळी घोंगडी दोरीवर टाक. लोकरीची, चकाकी अजिबात नसलेली. पांढऱ्या भिंतीवरनं परत येणारा उजेड ती खाऊन टाकते आणि पावसातसुद्धा सावली तयार होते. ऊन पडलेलं असेल तर उलटं. तेव्हा सावली कुट्ट होते, मग त्याच जागी थर्माकोलची पांढरी पाटी दोन-तीन फुटांवर ठेवायची. जवळ आणलीस तर सावली पुसली जाते, लांब नेलीस तर गडद होते. पाटी मागं-पुढं करत बघायचं, बोलून कळण्यातलं नाही ते.

मोबाईलचं सांगतो. जवळ जाऊन काढू नकोस. मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद असते, जवळनं मधला गणपती फुगतो आणि मोर लहान होतात. चार-पाच पावलं मागं सरक आणि दोनपटवाली लेन्स असेल तर ती लाव. मोबाईल पट्टीच्या बरोबर मध्यासमोर, तेवढ्याच उंचीवर. स्टँड नसेल तर स्टुलावर डबे रचून त्याला टेकव आणि टायमर लाव, बोटानं दाबलं की हलतो. एचडीआर बंद कर, ते आपलं शहाणपण चालवून सावली उजळतं. पोर्ट्रेट मोड बंद, तो मोराच्या तुऱ्याच्या कडा खातो. गणपतीच्या पोटावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड तिथं अडकतो, मग बोट खाली सरकवून फोटो थोडा काळा कर. लाकूड गडद असलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं पांढरट करून ठेवतो. शिसवाला तर हे हमखास होतं.

फणसाचं कारण वेगळं. कॅमेऱ्याला वाटतं एवढा पिवळा म्हणजे बल्बचा उजेड असणार, म्हणून तो पिवळा रंग काढून टाकतो. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, आपोआपवरनं काढून ढगाळवर ठेव. नसेल तर देव्हाऱ्याशेजारी एक पांढरा कोरा कागद ठेवून तोही फोटोत घे आणि नंतर रंग जुळवताना तो कागद पांढरा होईपर्यंत जुळव. कागद मग कापून टाकायचा.

पटाशीवाला_चंदगड

काकांनी सगळं सांगितलंय. मी कोरणाऱ्याच्या बाजूनं बोलतो.

ताई, तुमचे बाबा कोरताना कुठं बसतात ते आधी बघा. कुठलाही नक्षीवाला खिडकीला तोंड करून बसत नाही, खिडकी कुशीला घेऊन बसतो. पटाशी किती आत गेली हे सावलीवरनंच कळतं की आम्हाला. बाबांनी ज्या बाजूचा उजेड घेऊन कोरलंय त्याच बाजूनं उजेड देऊन फोटो काढा. नक्षी कोरताना त्यांच्या नजरेत तीच सावली होती. काम त्यांच्याच जागेवर ठेवून, ते बसतात तिथंच मोबाईल धरून सुरुवात करा.

दुसरं, फोटो पॉलिशच्या आधी काढायचे. पॉलिश झालं की प्रत्येक गोलाईवर दाराचं प्रतिबिंब येतं. कोरं लाकूड उजेड पितं. गिऱ्हाईकाला रंग कळावा म्हणून पॉलिशनंतरचा एक फोटो वेगळा द्या, बस. त्याला तेल लावून "उठाव आणू" नका. आमच्याकडं काहीजण फोटोसाठी खोबरेल चोळतात. दोन तास छान दिसतं, मग त्यावर धूळ बसते आणि पॉलिश धरत नाही. खडू किंवा पावडर खाचांत भरायची आयडिया कोणी दिली तर तीही नको, रेषेतनं ती निघता निघत नाही. मऊ ब्रशनं भुसा झाडा एवढंच. भुशाचा एक कण सोंडेच्या वळणात राहिला तर मोबाईलमध्ये तो चटकन दिसतो, कामाकडं नजर जायच्या आधी तिकडं जाते.

आणि महत्त्वाचं. आज शहरात मशीननं कोरलेल्या पट्ट्या ढिगानं मिळतात. सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्या मशीनचं, पातं गोल टोकाचं असतं, ते शेजारी-शेजारी सारख्या अंतरावर रेघा सोडून जातं. पेपर मारला तरी खोल कोपऱ्यात त्या राहतात, आणि कोपरे टोकदार निघत नाहीत, गोलसर राहतात. हाताच्या कामात पटाशीचा घाव कुठं लांब, कुठं आखूड, पाकळीच्या बुडाला टोक धारदार. हा फरक दाखवणारा एक जवळचा फोटो प्रत्येक कामाचा पाठवायचाच. तळहाताएवढा भाग, उजेड अगदी सपाट. स्टिकर आहे का विचारणाऱ्या बाईंना तो एकटा फोटो पुरेल. पैसे त्या घावांचे आहेत. मोबाईलमधलं ब्यूटीचं काहीबाही चालू असेल तर बंद करा, ते घाव गुळगुळीत करतं.

टिळकवाडी_गॅजेट

बरं बाबा, रिंगलाईट मागं घेतला. खरं पॉलिशच्या चकाकीला उपाय आहे. पोलराइज्ड गॉगल असतो ना, त्याची काच मोबाईलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवायची. एका कोनात चकाकी जाते आणि खालचं लाकूड दिसतं. गॉगलचा रंग फोटोत येतो, तो नंतर जुळवायचा. करड्या काचेचा असेल तर कमी त्रास.

खडेबाजार_जुना_स्टुडिओ

शाबास, हे बरोबर सांगितलंस. दोन गोष्टी जोडतो. अगदी समोरनं काढलं तर तो उपाय फारसा चालत नाही. चकाकी तिरक्या कोनातनं येत असेल तेव्हाच चांगला चालतो, म्हणून कॅमेरा थोडा बाजूला घ्यायचा. आणि पितळेची कडी, घंटा, पत्रा यांची चकाकी त्यानं जात नाही, लाकडावरच्या पॉलिशची जाते. देव्हाऱ्याला पितळी कळस असेल तर तो चमकणारच, चमकू दे.

जांबोटीकडची

सगळ्यांचे आभार. काल वीज गेली होती, त्यामुळं ट्यूब बंद करायचा प्रश्नच नव्हता. पट्टी बाबांच्या बसायच्या जागेवर ठेवली, घोंगडी टांगली. मोराचं प्रत्येक पीस दिसतंय! बाबांनी मोबाईल हातात घेऊन मोठं करून बघितलं आणि उजव्या मोराच्या चोचीला एक घाव राहिलाय म्हणून लगेच पटाशी घेतली.

आता अडचण देव्हाऱ्याची. पट्टी सपाट होती, देव्हारा खोका आहे. समोर महिरप, आत गाभाऱ्यासारखी जागा, तिथं मागच्या फळीवर कीर्तिमुख, म्हणजे ते राक्षसाचं तोंड. महिरपीला उजेड दिला तर आत काळोख, आतलं दिसावं म्हणून उजळ केलं तर महिरप पांढरी होते.

रथाजवळचा_चिकोडी

मध्येच तोंड घालतो, मलाही हाच त्रास. आमच्या गावच्या देवाचा लाकडी रथ आहे, आमच्याकडचे कन्नड लोक त्याला तेर म्हणतात. जत्रेत बाहेर येतो, बाकी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये. खालच्या थरात मूर्ती, यक्ष, हत्ती, घोडेस्वार, सगळं खोल कोरलेलं, त्यावर ऑइलपेंटचे थर. जत्रेत काढावं तर माणसांची गर्दी आणि डोक्यावर ऊन, मूर्तींच्या कपाळाखाली सगळं काळं. शेडमध्ये काढावं तर बाजूला निळी ताडपत्री, सगळा फोटो निळा. हलवून उजेडात आणायचा म्हटलं तर पन्नास माणसं लागतात.

खडेबाजार_जुना_स्टुडिओ

दोघांना एकच उत्तर. वस्तू हलत नसेल, किंवा तिच्या दोन भागांना दोन तऱ्हेचा उजेड लागत असेल, तर अंधार करून हातातल्या बॅटरीनं काढायचं.

रात्री जा. मोबाईल स्टँडवर घट्ट. प्रो मोडमध्ये आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, सगळ्यात कमी, ५० किंवा १००, आणि शटर दहा सेकंद उघडं. नाईट मोड नको, तो बरेच फोटो घेऊन एकात मिसळतो आणि फिरत्या उजेडानं गोंधळतो. फोकस आधी बॅटरी पाडून जमव आणि तिथंच अडकव. मग टायमर सुरू झाला की बॅटरी घेऊन बाजूला उभा राहा, कॅमेऱ्यासमोर येऊ नकोस. शटर उघडं असेपर्यंत बॅटरी कुशीकडनं, सपाट कोनातनं, सारखी फिरवत राहायची. एका जागी थांबलास तर तिथं डाग पडतो. चिकोडीच्या भावानं एकेक फळी अशी उजळायची, चार-पाच सेकंद हत्तींना, उरलेले वरच्या मूर्तींना. ताडपत्रीचा प्रश्नच राहत नाही, रात्री ती निळा उजेड कुठनं देणार? खरं आधी पुजाऱ्याला आणि पंचांना विचार. रथावर चढायचं नाही, चपला लांब. ऑइलपेंट चकाकणारच, म्हणून बॅटरीच्या तोंडावर बटर पेपर बांध.

पोरी, तुझ्या देव्हाऱ्याला तीच रीत. आधी दारातनं येणारा उजेड संध्याकाळी अगदी मंद होऊ दे. दहा सेकंदांच्या फोटोत महिरप तेवढ्या उजेडावर निघते. त्यातले दोन-तीन सेकंद बॅटरी वरच्या बाजूनं आत फिरव, कीर्तिमुखावर. खालनं नको, ते आधीच भयंकर असतंय, आणखी भूत करू नकोस. बॅटरीचा रंग पांढराच असू दे. पिवळी असेल तर आतलं पिवळं आणि बाहेरचं निळसर येईल, हे नंतर कशानंही नीट होत नाही. गाभाऱ्यात एवढंसं पिवळं चालतं म्हणा, समईचं वाटतं. खरं मग तुझ्या फणसाचा रंग गिऱ्हाईकाला खोटा कळेल.

प्रो मोडच नसेल तर सोपी वाट. देव्हारा दाराकडं थोडा वळव, आणि आत, उंबऱ्याच्या मागं कॅमेऱ्याला न दिसेल असा, पांढऱ्या कागदाचा तुकडा आडवा ठेव. दारातला उजेड त्यावर पडून वर जातो. खालनं जातो खरा, खरं मंद असतो, महिरपीचा उजेड मुख्य राहिला तर चालतंय.

पटाशीवाला_चंदगड

गणेशपट्टीबद्दल एक राहिलं. ती दाराच्या वर बसते, माणूस खालनं बघतो. चांगला कारागीर हे धरूनच कोरतो, गणपतीचं तोंड किंचित खाली झुकवतो, वरच्या कडेचा उठाव जास्त ठेवतो. ताई, तुमच्या बाबांनी तसं केलंय का विचारा. केलं असेल तर अगदी बरोबरीच्या उंचीवरनं काढलेल्या फोटोत गणपती मान खाली घातल्यासारखा दिसेल. मोबाईल पट्टीच्या मध्यापेक्षा हातभर खाली घ्या, म्हणजे गिऱ्हाईकाला दारात उभं राहिल्यावर दिसेल तसा दिसेल. एक फोटो बरोबरीचा द्या मोजमापासाठी, शेजारी फूटपट्टी ठेवून. एक खालनं.

जांबोटीकडची

विचारलं. "मग काय सरळ बघणाऱ्यासाठी कोरतात काय?" एवढंच म्हणाले. म्हणजे केलंय.

दोन्ही फोटो आणि पटाशीच्या घावांचा जवळचा एक, असे पाठवले. बाईंनी पट्टीची किंमत विचारलीय आणि तसलाच मोर चौरंगाच्या चार पायांना मिळेल का म्हणून विचारतायत. चौरंगाचे पाय गोल आहेत, चारीकडनं नक्षी. ते कसं काढायचं?

खडेबाजार_जुना_स्टुडिओ

पाय बसवायच्या आधी काढ. सुटा पाय घोंगडीवर उभा कर, दार कुशीला, आणि तो जागच्या जागी फिरवून चार फोटो. मोबाईल हलवायचा नाही, पायच फिरवायचा, म्हणजे उजेड चारीत सारखा राहतो आणि चारी मोर एकमेकांशेजारी लावून पाठवता येतात.